नव्या फसली सालाचा जमाखर्च

ऑक्टोबरचा पहिला आठवडा उजाडला, की अजिंठ्याच्या डोंगररांगांवरचा हिरवा रंग किंचित पिकू लागतो. वाघुरेला अजून पाणी असते, पण सातकुंडांवरून उतरणारी धार दिवसागणिक बारीक होत जाते. फर्दापूर-सोयगावच्या शिवारात सोयाबीनची मळणी चाललेली असते आणि कपाशीची बोंडे पहिल्या वेचणीची वाट पाहत उमलू लागतात. घरोघरी घट बसतात, खंडेनवमीला विळे-कोयत्यांपासून ट्रॅक्टरपर्यंत सारी अवजारे धुऊन-पुसून पूजेला लागतात, दसऱ्याला आपट्याची पाने या हातातून त्या हातात जातात, आणि मग दिवाळीत दुकानदार नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखतो. खरीप घरी येण्याचा हा काळ आपल्याकडे पूर्वापार हिशेबाचाही काळ आहे. उसने फेडायचे, सालगड्याचा शब्द पाळायचा, पुढच्या पेऱ्यासाठी बी बाजूला काढायचे आणि उरेल त्यात सण साजरा करायचा. मार्चअखेरची धावपळ सरकारने आपल्याला शिकवली. हा ऑक्टोबरचा ताळेबंद मात्र शेताने शिकवलेला आहे.

एके काळी या मुलखात सरकारही याच सुमारास नव्या वर्षात पाऊल टाकत असे. हैदराबाद संस्थानाचे फसली साल 6 ऑक्टोबरच्या आसपास, आझुर महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होई. अकबराच्या काळात सारावसुलीसाठी रूढ झालेली ही कालगणना शाहजहानच्या अमदानीत दख्खनेत आली आणि निजामाच्या कचेऱ्यांत ती रुळली. आझुर, दै, बहमन अशा महिन्यांनी मराठवाड्याचा कारभार चाले. गेल्या काही वर्षांत निजामकालीन नोंदींच्या शोधात तहसीलच्या दप्तरखान्यात हेलपाटे घातलेल्या कितीतरी कुटुंबांना ही सालगणना नव्याने ओळखीची झाली आहे. पिवळ्या पडलेल्या कागदावरच्या फसली आकड्यात 590 मिळवले, की इसवी सन हाती लागतो, हे गणित आता गावागावांत ठाऊक आहे. आजच्या निमित्ताने अशाच एका सालाकडे, फसली 1331 कडे, म्हणजे 1921 च्या ऑक्टोबरपासूनच्या वर्षाकडे वळून पाहावेसे वाटते. महायुद्ध संपून तीन वर्षे होत आली होती आणि राज्याच्या तिजोरीतून लोकांसाठी काय खर्चावे, हा प्रश्न नव्याने पुढे आला होता.

युद्ध या मुलखापासून हजारो कोस दूर झाले होते, तरी त्याची झळ इथवर पोहोचली होती. हैदराबादचे लान्सर घोडदळ सुवेझ आणि पॅलेस्टाइनच्या वाळवंटात लढून आले. दिल्लीतल्या तीन मूर्तींपैकी एक मूर्ती त्यांच्या नावाची आहे. निजामाने इंग्रजांच्या युद्धखर्चाला सढळ हाताने मदत केली आणि 1918 मध्ये त्या मोबदल्यात मानाचे किताब मिळवले. किताब हैदराबादेत राहिले, पैसा मात्र आठ दिशांच्या शेतांतून गेला होता. युद्धामुळे चांदी दुर्मीळ झाली, तेव्हा 1918 मध्ये संस्थानाने पहिल्यांदा कागदी नोटा काढल्या. हाली शिक्क्याचा खणखणीत रुपया दातांखाली आणि दगडावर पारखून घेणाऱ्या शेतकऱ्याने त्या कागदाकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आणि त्याच 1918 मध्ये पावसाने पाठ फिरवली. खरीप हातचे गेले, आणि त्याच शरदात लोक जिला मानमोडी म्हणत ती इन्फ्लुएंझाची साथ वाड्यावस्त्यांवरून फिरली. पुढच्या शिरगणतीचे आकडे पाहिले, की त्या दोन संकटांचे एकत्रित वजन कळते. 1911 मध्ये हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 34 लाख होती. 1921 मध्ये ती 1 कोटी 25 लाखांच्या खाली आली. दहा वर्षांत वाढायची ती माणसे वाढली नाहीतच, उलट होती त्यांतली जवळजवळ 9 लाख कमी झाली. कोणत्याही अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूला ही तूट दाखवण्याचा रकाना नसतो.

अशा वेळी संस्थानाच्या अर्थखात्याची सूत्रे 1921 मध्ये अकबर हैदरी यांच्याकडे आली. मुंबईत जन्मलेला, हिंदुस्थान सरकारच्या हिशेब खात्यात वाढलेला हा गृहस्थ 1905 मध्ये संस्थानाच्या चाकरीत आला होता. उस्मानिया विद्यापीठाच्या कल्पनेमागे त्याची टिपणी होती, आणि 1914 मध्ये संस्थानाचे स्वतंत्र पुरातत्त्व खाते निघाले त्यातही त्याचा हात होता. अर्थमंत्री झाल्यावर त्याने जो पायंडा पाडला, त्याची आठवण आजच्या मार्चअखेरीच्या दिवसांत विशेष व्हावी. 1922 पासून प्रत्येक खात्याला तीन-तीन वर्षांसाठी ठराविक रक्कम बांधून देण्यात आली. त्या रकमेत खात्याने आपला संसार चालवायचा, आणि काटकसरीने जे वाचेल ते सरकारजमा न होता त्या खात्याच्याच पुढच्या कामाला राहायचे. म्हणजे वर्ष संपत आले म्हणून घाईघाईने खड्डे खणायचे, फर्निचर मागवायचे आणि बिले काढायची, हा आपल्या ओळखीचा खेळ तिथे खेळण्याचे कारणच उरत नव्हते. सुगीच्या वर्षांत शिल्लक पडेल तीतून दुष्काळासाठी राखीव निधी बाजूला काढण्याची शिस्तही त्याच काळात बसली. 1918 ची आठवण ताजी होती, हे त्यामागचे साधे कारण.

याच वर्षांत त्या तिजोरीतला थोडासा पैसा अजिंठ्याच्या भिंतींकडे वळला. जेमतेम चार ओळींची ही नोंद असेल, पण ती आपल्याला फार मोलाची वाटते, आणि का ते सांगायला थोडे मागे जावे लागेल. 1819 च्या एप्रिलात जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या घोडदळातला इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात या दरीत उतरला आणि लेणी पुन्हा जगाच्या चर्चेत आली. कंपनी सरकारने 1844 मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या नकला करायला धाडले. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे अजिंठा गावात काढली, नकला लंडनला गेल्या आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेल्या. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यामागून हिवाळे इथे येत राहिले. त्यांच्याही नकला लंडनला गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा 1885 च्या आगीत गेल्या. चाळीस वर्षे सरकारी पैसा कॅनव्हासवर, प्रवासावर आणि पेट्यांवर खर्च होत होता. मूळ चित्रे ज्या भिंतींवर होती, तिथे मात्र पावसाचे पाणी झिरपत होते, वटवाघळे लटकत होती, लेप सुटून खाली पडत होता, आणि हौशी पाहुणे चित्रांचे तुकडे काढून नेत होते. नकलांना अंदाजपत्रकात जागा होती, भिंतीला नव्हती.

ती जागा महायुद्धानंतर मिळाली. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक गुलाम यझदानी यांनी हे काम मनावर घेतले, हिंदुस्थान सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांच्या सल्ल्याने इटलीतून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहायक काउंट ओर्सिनी यांना बोलावण्यात आले, आणि 1920-21 व 1921-22 असे दोन हिवाळे ते दोघे या लेण्यांत राबले. सुटत चाललेला चित्रांचा लेप भिंतीला पुन्हा धरून ठेवणे, फुगलेल्या जागी आतून चिकटद्रव्य सोडणे, तुटक्या कडा बांधून घेणे, असे ते चिकाटीचे काम होते. त्यांनी वापरलेले लाखेचे रोगण पुढे पिवळट पडले आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना ते उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे झटावे लागले, हेही खरे. तरी भिंत धरून ठेवली होती, म्हणून रोगण उतरवता आले. पडलेल्या लेपावर कोणताच रसायनज्ञ काही करू शकत नाही.

या खर्चाची दुसरी बाजू कमी दिसणारी, पण अधिक महत्त्वाची. इंग्रज चित्रकर्त्या लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत नकलांचे काम केलेले हैदराबादचे चित्रकार सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे अभिरक्षक झाले. म्हणजे लेण्यांना केवळ दोन हिवाळ्यांचे पाहुणे मिळाले नाहीत, तर दरमहा पगार घेणारा, पावसाळ्यातही तिथेच असणारा, कोणत्या कोपऱ्यात ओल उतरते हे डोळ्यांनी जाणणारा एक माणूस मिळाला. यझदानींचे अजिंठ्यावरचे चार भाग 1930 ते 1955 या पंचवीस वर्षांत प्रसिद्ध होत राहिले. पहिला भाग निघाला तेव्हा निजाम गादीवर होता, शेवटचा निघाला तेव्हा संस्थान भारतात विलीन होऊन सात वर्षे झाली होती. राज्य बदलले, तरी काम थांबले नाही. भिंतींवरचे ते काम झाले त्याच सुमारास, 1923 मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात युद्धोत्तर काटकसरीसाठी नेमलेल्या इंचकेप समितीची कात्री पुरातत्त्व खात्यापर्यंत पोहोचली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे इथल्या चार ओळींचे वजन वाढते.

पण कृतज्ञतेच्या भरात एक गोष्ट विसरून चालणार नाही. हा पैसा निजामाचा नव्हता. तो जमीन-महसुलाचा होता, अबकारीचा होता आणि करोडगिरीच्या नाक्यांवर गाड्या अडवून गोळा केलेल्या जकातीचा होता. मराठवाड्याच्या ज्वारी-कापसाने तो भरला होता आणि तो भरणाऱ्याला एका शब्दानेही विचारले गेले नव्हते. अंदाजपत्रक मांडले जाई ते नेमलेल्या मंत्रिमंडळापुढे. त्याला प्रश्न विचारील असे लोकांनी निवडलेले सभागृह संस्थानात नव्हतेच. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये उभे राहिले ते उर्दू माध्यमाचे, मराठी-तेलुगु-कानडी बोलणाऱ्या रयतेच्या पैशावर. 1923 मध्ये पाया घातलेले निजामसागर धरण तेलंगणात झाले. गोदावरीच्या काठच्या मराठवाड्याला जायकवाडीसाठी 1976 पर्यंत थांबावे लागले. तक्रार करायची म्हटले, तर चार माणसे जमवायलाही परवानगी लागे. पुढे ‘गश्ती निशाण 53’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकमाने सभा भरवण्याच्या स्वातंत्र्याची उरलीसुरली वाटही बंद केली. हैदरींच्या शिस्तीचे कौतुक करताना ती शिस्त कोणालाही उत्तर देण्यास बांधलेली नव्हती, हे आपण सांगितलेच पाहिजे.

फर्दापूर मागे टाकून पहूरच्या दिशेने काही मैल गेले, की त्या काळी ब्रिटिश राज्याचा पूर्व खानदेश लागे. तिथे गोष्ट उलट होती. 1919 च्या सुधारणा कायद्याने मुंबई इलाख्यात निवडलेले कायदेमंडळ आले, आणि 1921 मध्ये शिक्षण खाते रँग्लर र. पु. परांजपे यांच्या हाती आले. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेला मराठी माणूस शिक्षणमंत्री झाला, ही जळगाव-भुसावळच्या शाळामास्तरांना केवढी आशेची गोष्ट वाटली असेल! पण द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य ही खाती मंत्र्यांची आणि तिजोरी मात्र गव्हर्नरच्या नेमलेल्या सभासदांची, अशी वाटणी होती. शिवाय मेस्टन निवाड्यानुसार मुंबई इलाख्याला वर्षाला 56 लाख रुपये केंद्राकडे भरावे लागत. प्राप्तिकराचे वाढते उत्पन्नही केंद्राकडे गेलेले. लष्कराचा खर्च आधी, कर्जाचे व्याज त्यानंतर, आणि उरेल त्यात शाळा. 1923 मध्ये मुंबईचा प्राथमिक शिक्षण कायदा झाला, सक्तीच्या शिक्षणाची वाट कागदावर मोकळी झाली, पण पैशाअभावी ती वाट बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. तिकडे बोलायला तोंड होते, हातात पैसा नव्हता. इकडे पैसा होता, तोंड बांधलेले होते. एकाच डोंगराच्या छायेत राहणारे दोन शेतकरी, एक पहूरचा आणि एक फर्दापूरचा, एकाच बाजारात बैल विकायला जात असतील, पण सरकारशी त्यांचे नाते इतके निराळे होते.

युद्धानंतर राज्याने लोकांसाठी काय करावे, हा प्रश्न महाराष्ट्राच्या दगडांना नवा नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत 3 क्रमांकाच्या लेण्यावर गौतमीपुत्र सातकर्णीची दोन आज्ञापत्रे कोरलेली आहेत. पहिले त्याच्या राज्याच्या 18 व्या वर्षातले, नहपानाचा पाडाव केल्यानंतर विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला धाडलेले. आजवर नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले 200 निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे, असा त्यात हुकूम आहे. हरलेल्या पक्षाच्या हातची जमीन जिंकणाऱ्याने आपल्या मर्जीतल्या सरदाराला न देता भिक्षूंच्या निर्वाहासाठी लावली, हे तर विशेष आहेच. पण खरी गंमत दुसऱ्या पत्रात आहे. ते 24 व्या वर्षातले आहे आणि राजमातेचाही उल्लेख त्यात आहे. आधी दिलेले शेत कोणी कसत नाही, ते गाव ओस पडले आहे, म्हणून आता नगराच्या हद्दीवरच्या सरकारी जमिनीतून 100 निवर्तने द्यावीत, असे त्यात लिहिले आहे. सहा वर्षांनी कोणीतरी जाऊन पाहिले, की दिलेल्या दानाचे झाले काय. उत्तर लाजिरवाणे निघाले. आणि ते न लपवता दगडावर कोरले गेले. त्याच डोंगरातल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताच्या दानाची नोंद आहे: 3,000 कार्षापणे विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवलेली, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंना वर्षावासात वस्त्रे पुरवायची. व्याजाचा दरही त्यात आहे, आणि हे सारे निगमसभेत वाचून दाखवल्याचा उल्लेखही आहे.

अजिंठ्याच्या दरीतही युद्धाने काम थांबल्याच्या खुणा आहेत, असे अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर मांडले. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात अश्मकांशी झालेल्या संघर्षात छिन्नी थांबली, हरिषेणाच्या मृत्यूनंतर दात्यांचा ओघ आटला आणि 24 क्रमांकाच्या लेण्यासारखी भव्य कामे अर्धी राहून गेली, असे त्यांचे म्हणणे. सर्व अभ्यासकांना त्यांची कालगणना मान्य नाही. मात्र त्या अर्धवट खांबांपुढे उभे राहिले, की पैसा कधी आटला ते दगडावर वाचता येते, एवढे नक्की.

आज तोंडही आपले आहे आणि पैसाही आपला आहे. 1953 पासून ही लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, 1983 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. जपानच्या कर्जातून रस्ते, पाणी, झाडी आणि फर्दापूरच्या टी-पॉइंटवरून लेण्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या आल्या. तिथेच लेण्यांच्या प्रतिकृती असलेले भव्य अभ्यागत केंद्र उभे राहिले. आणि काही वर्षांतच वीज-पाण्याची बिले थकल्याने त्याला टाळे लागले. बांधायला कोट्यवधी मिळाले, दिवा लावायला मिळाले नाहीत. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे येणारा रस्ता रुंद करायला घेतला आणि कितीतरी पावसाळे प्रवाशांनी तो उखडलेलाच पाहिला. त्या काळात परतलेला परदेशी पाहुणा पुन्हा फिरकला नाही, असे इथले मार्गदर्शक आणि हॉटेलवाले सांगतात. उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाव येते, गळती बंद केल्याची कोनशिला कोणी बसवत नाही, म्हणून देखभालीचा रकाना प्रत्येक अंदाजपत्रकात सर्वांत आधी आक्रसतो. शाळेची खोली बांधली जाते, तिची कौले बदलायला निधी नसतो. आरोग्य उपकेंद्राची इमारत होते, परिचारिकेची जागा रिकामी राहते. निजामाच्या तिजोरीने लेण्यांसाठी एक अभिरक्षक पगारावर ठेवला, हे त्या राज्याच्या शंभर दोषांमधले एक शहाणपण आपण आजही उचलावे असे आहे.

त्यासाठी मुंबईकडे किंवा दिल्लीकडे पाहत बसायची गरज नाही. फसली सालाचा पहिला दिवस ज्या आठवड्यात येई, त्याच आठवड्यात, 2 ऑक्टोबरला, आपल्या गावोगावी ग्रामसभा भरते आणि पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची बोलणी याच दिवसांत सुरू होतात. ज्या फर्दापूर-अजिंठ्याच्या आजोबा-पणजोबांना अंदाजपत्रकावर एक शब्द बोलायची सोय नव्हती, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना ती कायद्याने मिळालेली आहे. आणि कितीतरी गावांत त्या दिवशी गणपूर्ती होत नाही म्हणून सभा तहकूब करावी लागते. यंदा तरी जाऊन बसावे. नवे काय बांधणार हे विचारण्याआधी, बांधलेल्या टाकीच्या, शाळेच्या आणि दवाखान्याच्या दुरुस्तीसाठी यंदा किती रक्कम धरली आहे आणि गेल्या वर्षीची धरलेली कुठे गेली, एवढे दोन प्रश्न उभे राहून विचारावेत, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.